साठवलेल्या झाडांच्या बिया का मरतात : गोळा करण्यापासून पेरणीपर्यंतचा क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

दर वर्षी मृगाच्या सुमारास माझ्या रोपवाटिकेत लोक बियांचे डबे घेऊन येतात. कष्टाने गोळा केलेल्या आणि जपून ठेवलेल्या या बिया पेरल्यावर पुष्कळदा गादीवाफ्यात एकही कोंब दिसत नाही, आणि मग दोष मातीला, पाण्याला किंवा पेरणाऱ्याच्या हाताला दिला जातो. त्यातल्या बहुतेक बिया डब्यातच मेलेल्या असतात. किंबहुना, झाडावरून उतरवल्यापासून डब्याला झाकण लागेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांतच त्यांचे आयुष्य किती उरणार हे ठरून गेलेले असते. म्हणूनच पुढे साठवणीपेक्षा साठवणीपूर्वीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

## आधी हे समजून घ्यावे : बी कसे म्हातारे होते

वाळलेले बी झोपलेले असते, पण थांबलेले नसते. त्यातील तेलाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, साखर आणि प्रथिने यांच्यात अभिक्रिया होतात, पेशींची आवरणे झिजतात आणि डीएनएला इजा होते. नीट वाळलेल्या बीमध्ये पेशीतला द्रव काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यामुळे ही मोडतोड अत्यंत मंद चालते. ओलावा किंवा उष्णता वाढली की ती काच मऊ पडते आणि मोडतोडीला वेग येतो. बी पाणी शोषून जागे झाल्यावरच पेशींना दुरुस्ती करता येते. डब्यात ती होत नाही, म्हणून झालेली प्रत्येक इजा साचत जाते.

हे नुकसान सरळ रेषेत होत नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. बीजशास्त्रातील सर्वमान्य गणितानुसार, एखाद्या लॉटची, म्हणजे एकत्र गोळा करून साठवलेल्या बियांच्या साठ्याची, उगवण ९८ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर यायला दोन वर्षे लागली, तर तशाच साठवणीत पुढच्या दोन वर्षांत ती ५० टक्क्यांवर आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत १६ टक्क्यांवर येते. ‘अजून ८४ टक्के आहे, काळजी नाही’ असे म्हणणारा माणूस कड्याच्या टोकावर उभा असतो. याच गणिताची दुसरी बाजू अशी की, हेळसांडीमुळे जो लॉट पहिल्याच दिवशी ८४ टक्क्यांवर आला, त्याचे अर्ध्यावर येईपर्यंतचे आयुष्य ९८ टक्क्यांच्या लॉटच्या निम्मेच असते, मग बरणी कितीही चांगली असो.

## टप्पा १ : बी वाळवता येते की नाही, हे ठरवावे

हा निर्णय चुकला तर पुढचे सर्व टप्पे काळजीपूर्वक पाळूनही बी मरते, किंबहुना पाळल्यामुळेच मरते.

वाळवता येणाऱ्या बिया. बहावा, खैर, बाभूळ, शिरीष, चिंच, पांगारा, साग यांच्या बिया पक्व होताना झाडावरच बऱ्याच वाळतात आणि आणखी वाळवल्यास जास्त टिकतात. कठीण कवचाच्या शेंगवर्गीय बिया यांत सर्वांत चिवट. मात्र गट एकच असला तरी आयुष्य सारखे नसते. पळसाचे बी वाळवता येते, पण त्याचे कवच पातळ असते आणि साध्या खोलीत ते जेमतेम वर्षभर तग धरते, म्हणून ते त्याच पावसाळ्यात पेरणे उत्तम.

वाळवल्यास मरणाऱ्या बिया. जांभूळ, आंबा, फणस, कोकम, मोह, तसेच सिंधुदुर्ग आणि गोव्यातील पाणथळ जंगलांतले रानजायफळ यांच्या बिया ओल्याच जगतात. ठरावीक मर्यादेखाली ओलावा गेला की पेशींची आवरणे फाटतात आणि नंतर कितीही भिजवले तरी बी परत येत नाही. सुरुवातीच्या काळात मी जांभळाच्या बिया धुऊन आठ दिवस कडक उन्हात वाळवल्या होत्या. चारशे बियांतून एक रोप मिळाले नाही, आणि त्या बिया वरून इतक्या निरोगी दिसत होत्या की कारण कळायला मला पुढचा हंगाम लागला.

मधला गट. कडुनिंबाचे बी काही प्रमाणात वाळवता येते, पण फार कोरडेपणा आणि थंडी दोन्ही त्याला मानवत नाहीत. उघड्यावर ते काही आठवड्यांतच उगवण गमावू लागते.

> तपासणी : एखाद्या जातीबद्दल माहिती नसेल तर फळाकडे पाहावे. पावसाळ्याच्या तोंडावर पिकणारे, मोठे, जड, रसाळ गरातले आणि पातळ सालीचे बी असेल तर ते न वाळवण्याच्या गटातले असण्याची शक्यता मोठी असते. हा अंदाज आहे, नियम नव्हे. म्हणून थोडेसे बी सावलीत वाळवावे, थोडे ओलेच ठेवावे आणि दोन्ही पेरून पाहावे. सगळा साठा एकाच पद्धतीने कधीही वाळवू नये.

## टप्पा २ : गोळा करण्यापूर्वीची तयारी

बी हातात आल्यावर जागा शोधायला लागणे ही चूक महाग पडते. सुती किंवा गोणपाटाच्या पिशव्या, वाळवण्यासाठी बारीक जाळी ताणलेली बाज किंवा डालगे, डिजिटल आर्द्रतामापक, वजनकाटा, ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि रबरी रिंग असलेल्या काचेच्या बरण्या आधीच जमवाव्यात.

आर्द्रतामापक खरा सांगतो का, हेही आधीच पाहावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते दाट चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते झाकण आणि मापक एका बंद बरणीत दिवसभर ठेवावेत. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. जो फरक येईल तो मापकावर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

## टप्पा ३ : पक्व बी, योग्य झाडांवरून

अर्धवट पिकलेले बी वाळवणे सोसण्याइतके तयार झालेले नसते, म्हणून ते साठवणीत लवकर मरते. बहाव्याची शेंग पूर्ण काळी झालेली आणि हलवल्यावर आतून खुळखुळणारी हवी. खैराच्या शेंगा तपकिरी होऊन तडकण्याच्या बेतात असताना घ्याव्यात. निंबोळी हिरवट पिवळी ते पिवळी झाली की झाडावरूनच घ्यावी.

झाडाखाली पडलेले बी सोपे वाटते, पण ते किती दिवस जमिनीवर पडून होते हे कळत नाही. ऊन, दव आणि किडे यांनी त्याचे आयुष्य आधीच खाल्लेले असते. पडलेलेच घ्यायचे असेल तर आदल्या संध्याकाळी खालची जागा झाडून कापड अंथरावे आणि सकाळी फक्त रात्रीतले बी उचलावे. एकाच झाडावरून सगळे बी घेऊ नये, अंतर राखून असलेल्या दहा-पंधरा झाडांवरून थोडे थोडे घ्यावे.

> तपासणी : शंभर बियांतून २५ बिया ब्लेडने उभ्या चिराव्यात. आतला भाग भरीव, घट्ट आणि ताज्या रंगाचा हवा. निंबोळीची गुठळी फोडून आतली डाळ पाहिली तर जिवंत बीमध्ये ती हिरवी दिसते. पिवळी-तपकिरी झालेली असेल तर ते बी साठवण्याच्या लायकीचे राहिलेले नाही. २५ पैकी आठ-दहा बिया पोकळ किंवा किडक्या निघाल्या तर त्या झाडाचे बी घेऊ नये.

> इशारा : ओली फळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक ओलावा असलेल्या बियांचा ढीग स्वतःच्या श्वसनाने आणि बुरशीमुळे तापतो. हात घातल्यावर पिशवीचा मधला भाग कोमट लागला, तर नुकसान सुरू झालेले आहे.

## टप्पा ४ : गर काढणे

गर असलेली फळे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी साफ करावीत. निंबोळ्या पाण्यात चोळून साल आणि गर काढावा, गुठळी दोन-तीनदा धुवावी. बहाव्याच्या शेंगेत प्रत्येक बी आडव्या पडद्यांच्या मधल्या कप्प्यात बसलेले असते आणि त्याला काळा चिकट गर लागलेला असतो. तो तसाच राहिला तर पावसाळी हवेतला ओलावा ओढतो आणि बुरशी धरतो. म्हणून पडदे फोडून बिया काढाव्यात, झटपट धुवाव्यात आणि लगेच पसरून वाळवाव्यात.

पाण्यावर तरंगणारे बी पोकळ, ही समजूत सर्वत्र लावू नये. सागाचे फळ आतले बी उत्तम असूनही तरंगते, कारण त्याचे आवरण बुचासारखे हलके असते.

साठवायचे बी या टप्प्यावर कढत पाण्यात टाकणे, कानशीने घासणे किंवा आम्लात बुडवणे पूर्णपणे टाळावे. हे उपचार पेरणीच्या वेळचे आहेत. अखंड कवच हेच या बियांचे चिलखत आहे आणि ते फोडून साठवलेले बी लवकर संपते.

## टप्पा ५ : वाळवणे

सर्वांत जास्त बिया येथे मरतात, काही अति उष्णतेने आणि काही अपुऱ्या वाळवण्याने.

सिमेंटची गच्ची किंवा पत्रा मे महिन्यात हाताला चटका देण्याइतका तापतो. ओले बी अशा पृष्ठभागावर पसरले तर ते वाळण्यापूर्वी शिजते. जोपर्यंत बी ओले आहे तोपर्यंत त्याच्याभोवतीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. बाजेवर ताणलेल्या जाळीवर बियांचा पातळ थर द्यावा, खालून-वरून वारा खेळेल अशा सावलीत बाज ठेवावी आणि दिवसातून तीन-चार वेळा बी हलवावे.

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात एप्रिल-मेमधली दुपारची हवा फार कोरडी असते, त्यामुळे सावलीतही बी उत्तम वाळते. पण हीच हवा पहाटेपर्यंत बरीच ओलसर होते, आणि दिवसभर वाळलेले बी रात्रभर उघडे राहिले तर दिलेला ओलावा परत घेते. यासाठी बी संध्याकाळी पाचच्या सुमारास घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहानंतर पुन्हा पसरावे. एवढा एक बदल केला तरी पुष्कळ फरक पडतो.

कोकणात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते. बी हवेशी समतोल साधते, म्हणून अशा हवेत पिष्टमय बी १५ टक्क्यांहून खाली वाळूच शकत नाही, मग ते महिनाभर पसरून ठेवले तरीही. तिथे सिलिका जेलला पर्याय नाही. वरवरचे पाणी सुकल्यावर बियांच्या वजनाइतकेच कोरडे जेल सुती पिशवीत भरून बियांसह बंद डब्यात ठेवावे आणि रंग बदलला की जेल बदलावे. वापरलेले जेल मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येते.

> इशारा : निळ्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असते आणि ते विषारी आहे. शक्यतो नारिंगी जेल वापरावे, आणि कोणतेही जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये.

जेल मिळत नसेल तर कढईत चांगले भाजून बंद डब्यात गार केलेले तांदूळ त्याच पद्धतीने, पण दुप्पट-तिप्पट प्रमाणात वापरावेत.

## टप्पा ६ : खरोखर वाळले का, हे मोजावे

दाताखाली कटकन वाजले म्हणजे वाळले, ही परीक्षा जाड कवचाच्या बियांना लागू पडत नाही. ओलसर बीही वाजते. बियांबरोबर मीठ ठेवून ते सुटे राहते का पाहण्याची जुनी पद्धतही अपुरी आहे. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी धरते, त्यामुळे सुटे मीठ एवढेच सांगते की बी त्याहून कोरडे आहे, आणि साठवणीसाठी ते पुरेसे नाही.

सोपा उपाय असा. बरणी तीन-चतुर्थांश बियांनी भरून त्यात आर्द्रतामापक ठेवावा, झाकण लावून बरणी एक दिवस सावलीत ठेवावी आणि न उघडता आकडा वाचावा. हा आकडा बरणीतल्या हवेच्या आर्द्रतेचा असतो, बीतल्या ओलाव्याच्या टक्क्यांचा नव्हे. बी एक-दोन हंगाम ठेवायचे असेल तर ३० ते ४० टक्के चालते. अनेक वर्षे ठेवायचे असेल तर १५ ते २० टक्क्यांपर्यंत आणावे.

वजनावरूनही अंदाज घेता येतो. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत थोडे बी १०३ अंश सेल्सिअसला १७ तास ठेवून ओलावा मोजून घ्यावा. समजा तो १४ टक्के निघाला आणि आपल्याला ७ टक्के हवा आहे. १ किलो बीमध्ये ८६० ग्रॅम कोरडा भाग आहे, आणि ७ टक्के ओलाव्याला हा भाग ९३ टक्के असायला हवा. ८६० ला ०.९३ ने भागले की ९२५ ग्रॅम येतात. म्हणजे पिशवीचे वजन ९२५ ग्रॅम होईपर्यंत वाळवायचे.

## टप्पा ७ : कीड

चिंचोके आणि बाभूळवर्गीय बियांत भुंगेऱ्यांच्या अळ्या झाडावरूनच येतात. बी बाहेरून अखंड दिसते आणि दोन महिन्यांनी बरणीत गोल छिद्रे आणि पीठ सापडते. पूर्ण वाळवलेले बी बरणीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवले तर अळ्या मरतात. ओलसर बीवर हा उपाय करू नये, कारण आत बर्फाचे कण होऊन बीच मरते.

> इशारा : धान्यात टाकण्याची ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी घरात कधीही वापरू नये. तिच्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

## टप्पा ८ : बंद करणे

कापडी पिशवी, कागदी पुडी, पातळ पॉलिथिन आणि सैल झाकणाचा पत्र्याचा डबा यांतून हवेतला ओलावा आत येतच राहतो. काचेची रबरी रिंगची बरणी किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड पाकिटे वापरावीत. बरणी जवळजवळ पूर्ण भरावी आणि वर जेलची छोटी पुडी ठेवावी. एका मोठ्या बरणीपेक्षा पाच लहान बऱ्या, कारण मोठी बरणी पावसाळ्यात जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा ओली हवा आत जाईल.

आतल्या चिठ्ठीवर जात, ठिकाण, किती झाडांवरून घेतले, गोळा केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, ओलावा आणि सुरुवातीची उगवण पेन्सिलीने लिहावी. शाई पुसट होते.

## टप्पा ९ : कुठे ठेवावे

बीजतंत्रात एक ठोकताळा आहे : बीतला ओलावा एका टक्क्याने किंवा तापमान पाच अंशांनी कमी केले की आयुष्य दुप्पट होते. तो वाळवता येणाऱ्या बियांना, ५ ते १४ टक्के ओलाव्यात आणि ० ते ५० अंशांतच लावावा. १२ टक्के ओलावा आणि ३० अंशांची खोली, याच्या तुलनेत ८ टक्के आणि ५ अंश घेतले, तर ओलाव्यामुळे १६ पट आणि तापमानामुळे ३२ पट, म्हणजे मिळून ५१२ पट फरक पडतो. आकडा शब्दशः घेऊ नये. पण स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि फ्रिजच्या कप्प्यात ठेवलेल्या एकाच बीचे भवितव्य किती वेगळे असते, हे त्यावरून कळते.

फ्रिज असेल तर बंद बरणी त्यात ठेवावी. मात्र फ्रिजची आतली हवा दमट असते, त्यामुळे कागदी पुडीतले बी तिथे सुरक्षित राहत नाही. फ्रिज नसेल तर घरातली सर्वांत थंड, उत्तरेकडच्या भिंतीची, तापमानाचा चढउतार कमी असलेली जागा निवडावी. माळा आणि पत्र्याखालची जागा टाळावी. वाळवता येणारे बी दशकानुदशके जपायचे असेल तर ते १५ टक्के आर्द्रतेला वाळवून उणे १८ अंशांना ठेवतात. बीजपेढ्यांची पद्धत हीच आहे.

वाळवता न येणाऱ्या बियांसाठी टप्पा ५ ते ९ विसरावेत. जांभूळ, फणस, मोह यांचे बी गर धुतल्यावर लगेच पेरावे. थांबणे भागच असेल तर ओलसर, पण पिळल्यावर पाणी न निघणाऱ्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) बियांचे थर द्यावेत, हवा जाईल अशा झाकणाखाली थंड सावलीत ठेवावेत आणि दोन-तीन आठवड्यांत पेरावेत. हवाबंद केल्यास ते गुदमरते आणि फ्रिजची थंडीही त्याला मारते. दरम्यान कोंब फुटले तर घाबरू नये, लगेच पिशवीत लावावे. निंबोळी सावलीत सुकवून, हवेशीर सुती पिशवीत ठेवून त्याच हंगामात संपवावी.

## टप्पा १० : अधूनमधून उगवण पाहावी

साठवताना एकदा, मग दर वर्षी एकदा आणि पेरणीच्या दोन महिने आधी एकदा, शंभर बिया २५-२५ च्या चार गटांत ओल्या वाळूत घालाव्यात. चारही गटांचे आकडे एकमेकांपासून फार दूर असतील तर चाचणीतच काही चुकले आहे. कठीण कवचाच्या बिया आधी कानशीने घासून घ्याव्यात, नाहीतर केवळ पाणी न शोषलेले जिवंत बी मेलेले समजले जाते. सागाचे ताजे फळही उगवत नाही म्हणून टाकू नये, त्याला सुप्तावस्था असते आणि वर्षभर ठेवल्यावर ते पुष्कळदा जास्त चांगले उगवते.

टक्केवारीबरोबर पहिला कोंब किती दिवसांनी आला हेही लिहावे. म्हातारे होत चाललेले बी आधी उशिरा उगवू लागते, त्याच्या मुळाचे टोक आखूड किंवा तपकिरी राहते, आणि टक्का त्यानंतर घसरतो. उगवण सुरुवातीच्या आकड्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली आली, म्हणजे ९० ची ७६ झाली, की तो लॉट येत्या पावसाळ्यात पेरून टाकावा.

## टप्पा ११ : बाहेर काढणे आणि पेरणे

फ्रिजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नये. किमान १२ तास खोलीत ठेवून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अन्यथा गार बियांवर दव जमते आणि उरलेला साठा भिजतो. हवे तेवढे बी काढून बरणी तत्काळ बंद करावी.

अति कोरडे आणि जुने बी थेट पाण्यात टाकले तर पाणी इतक्या वेगाने आत शिरते की अशक्त झालेली आवरणे फाटतात. अशा बिया आधी बंद डब्यात पाण्याच्या वर ताणलेल्या जाळीवर दिवसभर ठेवाव्यात, म्हणजे त्या वाफेतून सावकाश ओलावा घेतील, आणि मगच भिजवाव्यात. कठीण कवच वाफ आत घेत नाही, म्हणून बहावा किंवा शिरीष असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम डोळ्याच्या विरुद्ध बाजूला कानशीने हलका घाव, मग जाळीवर एक दिवस, मग १२ तास साधे पाणी. ताज्या बियांना, उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात टाकून गार होऊ देण्याची नेहमीची पद्धत चालते. जुन्या लॉटला मात्र मी ती वापरत नाही, घाव घालायला वेळ लागला तरी तोच घालतो. भिजल्यावर फुगलेल्या बिया त्याच दिवशी पेराव्यात, न फुगलेल्या वेगळ्या काढून त्यांवर पुन्हा कानस चालवावी आणि त्या दुसऱ्या ओळीत, वेगळ्या पाटीखाली लावाव्यात.